मिठाच्या सिनेमाचं मध्यंतर

अमेरिकेतल्या थिएटरात मध्यंतर नसतं. इथलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. मी तर थिएटरातच नोकरी केली, तीही डोक्यावरचे केस आधी पिकून मग गळेपर्यंत, तेव्हा मला हे माहीत असायला हरकत नव्हती. आणि माहीत होतंच. तरीही एका रविवारी दुपारी, एका जपानी सिनेमाच्या ऐन मध्यावर, पडद्यावर कोणी बोलत नाही आणि हॉलमध्ये कोणी खोकत नाही अशा क्षणी, मी भक्कन दिवे लावले आणि प्रेक्षकांना बटाटेवडे खायला बाहेर काढलं. अमेरिकेत हा मान दुसऱ्या कोणाला मिळाला असेल असं वाटत नाही. असल्यास त्याने जरूर भेटावं. दोघं मिळून संघटना काढू.

त्या दिवशी आमचा सहा नंबरचा पडदा पणाला लागला होता, आणि पणाला लावणारा मीच होतो. पण आधी मी थिएटरात काय करत होतो ते सांगायला हवं, कारण आमच्या नातेवाइकांना ते अजून कळलेलं नाही. माझी एक मावशी लोकांना सांगते, "अरविंद अमेरिकेत पिक्चरच्या लाइनीत आहे." ऐकणारा माझ्या तोंडाकडे एकदा बघतो आणि विषय बदलतो.

मी मूळचा केमिकल इंजिनिअर. न्यू जर्सीत पार्सिपनीजवळ एका औषधाच्या कंपनीत स्फटिक बनवायचो. द्रावण हळूहळू आटवायचं आणि त्यातून एकसारखे कण काढायचे, एवढंच काम, पण औषधांच्या धंद्यात त्यावर लोकांच्या पिढ्या जातात. एक दिवस आमची कंपनी दुसऱ्या कंपनीने गिळली, आणि गिळताना मासळीचे काटे बाजूला काढतात तसे आम्ही काहीजण ताटाच्या कडेला येऊन बसलो.

तेव्हा मी मराठी मंडळाचा सिनेमा सेक्रेटरी होतो. भारतातून एखादा मराठी सिनेमा आला की शनिवारी सकाळी हायवेलगतचं सहा पडद्यांचं थिएटर भाड्याने घ्यायचं, फोन करकरून तिकिटं खपवायची आणि मध्यंतरात वडे वाटायचे. थिएटरचा मालक सॅल, बापाच्या बाजूने इटालियन, डोक्यावर बारा महिने तीच एक टोपी. अरविंद म्हणायला त्याला लांब पडायचं, म्हणून माझा 'अर्व' झाला होता.

"अर्व," तो एकदा म्हणाला, "सकाळी दहाला माझ्या थिएटरात उंदीरही येत नाहीत. तू हॉल भरतोस. कसा काय?"

"वडे," मी म्हणालो.

"मग वडे घेऊन कामावर ये."

नोकरीचा इंटरव्ह्यू म्हणायचा तर तो एवढाच. माझं काम ठरलं बुकिंगचं. ते तिकिटांचं नव्हे. कोणत्या पडद्यावर कोणता सिनेमा लागणार आणि कोणता उतरणार, हे ठरवायचं काम. शुक्रवार ते रविवार खुर्च्या कितपत भरल्या ते बघायचं आणि सोमवारी सकाळी निकाल द्यायचा. वितरकांचे फोन येतात. कोणी दम देतं, कोणी गयावया करतं, कोणी बायकोच्या तब्येतीची चौकशी करतं. मग एक राहतो, एक उतरतो. कॉफीचा कप संपायच्या आत मी किती चांगले सिनेमे उतरवले त्याची गणती नाही. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा वितरकाचा असतो. थिएटर जगतं ते पॉपकॉर्नवर. त्यामुळे मावशीला कोणी सांगितलं असतं की अरविंद मक्याच्या लाह्या विकतो, तर ते जास्त खरं झालं असतं.

जपानी ॲनिमेशनची आणि माझी गाठ घालून दिली जोअनने. न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या वितरकाकडे ती काम करायची. आवाज असा, की जन्मभर कोणीतरी तिच्या घशात खडे दळत असावं.

"मंगळवारी संध्याकाळी एकच शो," ती म्हणाली. "जपानी ॲनिमेशन."

"लहान मुलांचं कार्टून?"

"अर्व, तू हे वाक्य पुन्हा कधी माझ्यासमोर बोलू नकोस."

मंगळवार म्हणजे आमच्या धंद्यातली अमावस्या. मी सर्वांत लहान हॉल दिला, सहा नंबर. संध्याकाळी बाहेर डोकावलो तर पार्किंग लॉटमध्ये रांग, रांगेत सगळे सिनेमातल्या पात्रांचा वेश करून आलेले, आणि सगळ्यांच्या पाठीला तलवारी. कोणाचे केस निळे, कोणाचे चंदेरी, एकाला शेपूट. आणि थिएटरात खोटं शस्त्रही न्यायचं नाही, असा नियम. आता काय करावं? माझ्या डोक्यात एकदम देवळाबाहेरचा चपलांचा स्टँड आला. लॉटरीच्या तिकिटांचं एक भेंडोळं होतं, ते फाडून अर्धं तलवारीला, अर्धं मालकाला, आणि सगळ्या तलवारी लॉबीत भिंतीशी उभ्या. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी फोटोसुद्धा काढून ठेवला.

सिनेमा संपला. अमेरिकेत शेवटची नावं सुरू झाली की हॉल रिकामा होतो. इथे कोणी हललं नाही. झाडूवाला दारात उभा, मी त्याच्या मागे उभा, आणि हे लोक जपानी अक्षरांतली नावं अशी बघत होते जणू प्रत्येकाला ते ओळखतात. शेवटचं नाव गेलं, टाळ्या झाल्या, आणि सगळे एकदम तलवारींवर आले. तोवर अर्धे कागद निसटून जमिनीवर पडलेले. चंदेरी केसांच्या एका उंच तरुणाला मी एक तलवार दिली.

"सर, ही माझी नाही," तो अदबीने म्हणाला. "माझ्या तलवारीला शाप आहे."

"हिलाही असेल."

"नाही सर. ही राजपुत्राची आहे."

हा केव्हिन. दिवसा एका दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस. त्याची शापित तलवार सापडेपर्यंत आमची दोस्ती झाली.

एवढ्यावरून मी जो निष्कर्ष काढला तो फक्त माझ्यासारखा शिकलेला माणूसच काढू शकतो: जपानी सिनेमा म्हणजे हॉल फुल. पुढचा सिनेमा मी सर्वांत मोठ्या हॉलमध्ये दोन आठवड्यांसाठी लावला. शुक्रवारी जत्रा. शनिवारी अर्धी जत्रा. सोमवारी मी आणि एअर कंडिशनर.

केव्हिनने समजावलं. "सर, ही सिरीज आम्ही शाळेपासून बघतोय. हा सिनेमा म्हणजे त्यातलं पुढचं प्रकरण. ज्यांना बघायचा होता ते सगळे शुक्रवारीच येऊन गेले."

लग्नासारखं आहे हे. ज्यांना आमंत्रण आहे ते झाडून सगळे मुहूर्ताला हजर. दुसऱ्या दिवशी मांडवात कोण येणार? आणि रस्त्यावरून जाणारा माणूस आत शिरलाच, तर त्याला कळणार नाही की हा कोण, तो कोण, आणि ही मेलेली बाई परत कशी आली. एक आजी नातवंडांना घेऊन 'कार्टून' बघायला आल्या होत्या. पहिलं मुंडकं उडालं तशा उठल्या आणि माझ्याकडे अशा नजरेने बघून गेल्या, जणू ते मीच उडवलं होतं. तरीही सांगतो, त्या पोरांसारखे प्रेक्षक मी पाहिले नाहीत. फोन बाहेर काढणार नाहीत, कचरा खाली टाकणार नाहीत. आपलं माणूस स्टेजवर गाणार असावं तसे काळजीने बसतात.

जपानी सिनेमांची दुसरी एक जात असते. त्यात तलवारी नसतात, आधीची सिरीज नसते. एखादं गाव, एखादं घर, दोन माणसं. हे सिनेमे वर्तमानपत्रवाले डोक्यावर घेतात आणि हॉलमध्ये कोणी येत नाही. आईबाप म्हणतात, यात बोलणारे प्राणी कुठायत? मोठी माणसं म्हणतात, कार्टून आहे, मुलांना न्या. जाहिरातीला वितरकाकडे पैसा नाही. वर भाषेची भानगड. इंग्रजी आवाज घातलेला शो चार वाजता, आणि मूळ जपानी आवाज, खाली इंग्रजी अक्षरं, असा शो सात वाजता, ही आमची पद्धत. एकदा मी दोन्हींची अदलाबदल केली. चारला बाप लोक बाहेर येऊन ओरडू लागले, की आम्ही वाचायला आलोय का? सातला केव्हिन बाहेर आला. चेहरा सुतकी.

"सर, तो जपानी साधू टेक्सासवाल्यासारखं इंग्रजी बोलतोय."

मात्र चारच्या शोमधलं एकही पोर उठून आलं नव्हतं. त्यांना ती भाषा परकी आहे हे बापांनी सांगितल्यावर कळलं.

हे असं चालू होतं. तलवारींवर मंगळवार भरायचे, बाकीचे दिवस सहा नंबर रिकामा. अशात सॅलचा पुतण्या व्हिनी कामात लक्ष घालू लागला. त्याने सहा नंबरचं माप घेतलं. खुर्च्या काढायच्या, पडदा काढायचा, आत हवा भरलेला रबरी किल्ला ठेवायचा, आणि मुलांच्या बर्थडे पार्टीसाठी हॉल भाड्याने द्यायचा. किल्ल्याचं रंगीत पत्रक तो खिशात घेऊनच फिरायचा.

मी सॅलकडे गेलो. पुष्कळ बोललो. जपानी लोक कसं चितारतात, एवढी माणसं महिनोन्महिने बसून एक पाऊस कसा काढतात.

"अर्व, पाऊस मलाही आवडतो," सॅल म्हणाला. "थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबतो. एक सिनेमा दाखव, फक्त एक, ज्याला दुसऱ्या रविवारीही सहा नंबर भरलेला असेल. नाहीतर किल्ला."

त्याच आठवड्यात जोअनचा फोन आला. मिठाचा सिनेमा. खरं नाव लांबलचक होतं. आमच्या मंडळात त्याला सगळे 'मिठाचा सिनेमा'च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

नवा सिनेमा आला की मी सकाळी एकटा बसून तो तपासायचो. आवाज बरोबर आहे ना, चित्र हलत नाही ना. त्या सकाळी मी आवाज तपासायचा विसरलो. एक बेट. बाप समुद्राच्या पाण्यापासून मीठ करतो. आई गेलेली. शहरातून मुलगी परत आलीय, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. भांडणही करत नाहीत. मीठ करतात. बाप वाळूवर पाणी शिंपडतो, ती वाळू धुऊन घट्ट खारं पाणी काढतो आणि मोठ्या लोखंडी कढईत ते आटवतो. सिनेमाच्या मध्यावर कितीतरी वेळ नुसती कढई आहे. वाफ, फेस, चुलीतला जाळ.

आता, द्रावण आटवणं हा माझा प्रांत. मी खुर्चीत सरसावून बसलो. कुठेतरी चुकणार, कार्टूनवालेच ते. जाळ मोठा असला की पाणी खदखदतं आणि मीठ बारीक पिठासारखं पडतं. जाळ कमी केला, पाणी निवांत ठेवलं, तर वरच्या थरावर पोकळ, चौकोनी, उलट्या पिरॅमिडसारखे स्फटिक तरंगू लागतात. प्रयोगशाळेत मी ते शिकाऊ लोकांना दाखवायचो. सिनेमात बाप फेस काढतो आणि पाणी आणायला बाहेर जातो. मुलगी चुलीपुढे बसते. तिचा हात लाकडाकडे जातो. ती जळतं लाकूड मागे ओढते. जाळ बसतो, पाणी शांत होतं, आणि एक पिरॅमिड तरंगू लागतो. बाप दारात येऊन बघतो. आपण न शिकवता हिला हे येतं, म्हणजे ही इतकी वर्षं आपल्याकडे बघत होती. आणि तो फेसाचा झारा तिच्या हातात देतो.

चूक एकही नव्हती. मला थोडं वाईटच वाटलं. मग चष्मा पुसला. जपानमधल्या कोणा चित्रकाराने, मला कधीही न भेटता, माझी अख्खी नोकरी समजून घेतली होती. मी सहा नंबर त्यावर पणाला लावून टाकला.

शुक्रवारी हॉलमध्ये तुरळक माणसं. शनिवारी त्याहून तुरळक. व्हिनी दारातून डोकावून गेला आणि जाताना शीळ घातली. मी शैलावहिनींना फोन लावला. शैलावहिनी रविवारची मराठी शाळा चालवतात. मी वहिनी म्हणतो, बाकी सगळी जर्सी काकू म्हणते. त्यांनी एक फोन केला की पुढचे आपोआप होतात.

"जपानी?" त्या म्हणाल्या. "अहो, आम्हाला काय कळणार?"

"चूल आहे, मीठ आहे, बाप आहे."

"मुलांना चालेल?"

"चालेल."

"वडे?"

"सिनेमा झाल्यावर."

"बघते," वहिनी म्हणाल्या. म्हणजे आल्याच.

रविवारी दुपारी मंडळ लोटलं. काका, काकू, शाळेची मुलं, आणि मराठीत प्रश्न विचारला की इंग्रजीत उत्तर देणारी कॉलेजातली मोठी मुलं. पुढच्या दोन रांगांत केव्हिन आणि त्याची मंडळी. मागे कोपऱ्यात एकटीच बसलेली एक बाई. लॉबीभर वड्यांचा वास. सहा नंबर पहिल्यांदाच रविवारी भरत होता आणि माझी छाती फुगली होती. तिथेच घात झाला.

हल्ली सिनेमाची रिळं नसतात. कॉम्प्युटरवर एक क्रम लावायचा: जाहिराती, दिवे मंद, सिनेमा, दिवे चालू. आपल्या सिनेमांसाठी मी एक क्रम कायमचा तयार करून ठेवला होता. त्यात मध्यावर सिनेमा थांबतो, दिवे लागतात, पंधरा मिनिटांनी पुढे सुरू होतो. समोर मंडळ, नाकात वडे, आणि बोटांनी सवयीने तोच क्रम निवडला. मी लॉबीत चटणीच्या वाट्या मांडत होतो. सहा नंबरचं दार उघडलं आणि सगळं मंडळ, मनात एक शंका न आणता, वड्यांकडे चालत आलं.

"अहो वहिनी, संपला कसा?"

"संपला कुठे? इंटर्व्हल झाली. ती चटणी इकडे करा."

मी आत धावलो. पडदा पांढरा. केव्हिनची माणसं खुर्च्यांत तशीच बसलेली, वीज पडल्यासारखी. त्यातल्या एकीने हळूच विचारलं, "सर, हे... दिग्दर्शकानेच असं ठेवलंय का?"

आणि सिनेमा थांबला होता कुठे? मुलीचा हात लाकडाकडे गेला होता तिथे. ती ते मागे ओढणार की आत सारणार, हे दिसायच्या आधी. आपल्याकडचे दिग्दर्शक असं मध्यंतर मिळावं म्हणून नवस बोलतात. मला ते चुकून मिळालं होतं.

मी लॉबीत परत आलो तोवर केव्हिनची मंडळीही वासावर बाहेर आलेली. एका काकूंनी चंदेरी केसांच्या टोपाखालच्या केव्हिनच्या हातात वडा ठेवला. "घे रे बाळा, गार होईल." त्याला शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. आणि मग एकदम वाद पेटला.

"ती लाकूड घालणार," केव्हिन म्हणाला. "तिला राग आलाय. तिला सगळं जाळायचंय."

"छे! मागे घेणार," वहिनी इंग्रजीत म्हणाल्या. "खालून आच किती आहे बघितलंस का? कडेला लागलंय ते. कुठलीही बाई मागेच घेईल."

"कधी कधी माणसाला लागलेलंच हवं असतं," कोपऱ्यातली ती एकटी बाई म्हणाली. हातात कागदी प्लेट, प्लेटमध्ये वडा.

वहिनी हिरव्या साडीचा पदर खोचत तिच्याकडे वळल्या. "तुम्ही कधी चुलीवर केलंय का काही?"

"मी मायक्रोवेव्हवर जगते," ती बाई म्हणाली, आणि तो खडे दळल्याचा आवाज ऐकून माझ्या हातातली चटणीची वाटी कलंडली.

जोअनला मी फोनवरच ओळखत होतो. आपला सिनेमा कोण बघतं ते स्वतः बघावं म्हणून ती बसने आली होती, स्वतःचं तिकीट काढून. ती मला बाजूला घेऊन गेली.

"अर्व, करारात काय लिहिलंय?"

"सिनेमा सलग दाखवायचा."

"सलग म्हणजे काय?"

"मध्ये वडे नाहीत."

ती हसली नाही. "थोडा मागे घे आणि तिथून लाव. तिला पुन्हा त्या लाकडापर्यंत येऊ दे. उद्या सकाळी बोलू."

मी सांगितलं तसं केलं. मुलीने लाकूड मागे ओढलं तेव्हा सहा नंबरमध्ये जो ओरडा झाला, तो क्रिकेटच्या मॅचला शोभला असता. वहिनी उभ्याच राहिल्या होत्या म्हणे.

सोमवारी सकाळी मी कॉफी न पिता फोनपाशी बसलो. जन्मभर वितरक माझ्या निकालाची वाट बघत बसले होते, आज मी बसलो. जोअनने सिनेमा काढून घेतला असता तर तो तिचा हक्क होता, आणि व्हिनीचा किल्ला दुपारी फुगला असता.

"मी तो सिनेमा काढून घ्यायला हवा," जोअन म्हणाली.

"हो."

"बसमध्ये मी तेच ठरवत होते. पण ती हिरव्या साडीतली बाई तुझ्या लॉबीत मला शिकवत होती की बापाने पहिल्या दहा मिनिटांत तोंड उघडलं असतं तर एवढा सिनेमा करावाच लागला नसता. इतकी वर्षं मी हे सिनेमे विकतेय, अर्व. लोक म्हणतात, सुंदर आहे, आणि घरी जातात. भांडताना कोणाला पाहिलं नव्हतं."

"मग?"

"आणखी एक आठवडा. पुन्हा मध्ये दिवे लागले तर मी येऊन सिनेमाची डिस्क काढून नेईन. तुझ्यासकट."

त्या आठवड्यात जे झालं त्यात माझा काडीचा हात नाही. शैलावहिनींनी ओळखीपाळखीत गोष्ट सांगायला सुरुवात केली, पण मध्यंतरापर्यंतच. "मुलीचा हात लाकडाकडे गेला," इथवर यायच्या आणि म्हणायच्या, "पुढचं थिएटरात." पार एडिसन गावाहून फोन यायला लागले, की ते लाकडाचं काय झालं? केव्हिनने त्याच्या दातांच्या डॉक्टरला सांगितलं, तेही पेशंटच्या तोंडात नळी असताना, म्हणजे पेशंटलाही ऐकणं भाग. तेव्हा मला धंद्यातली एक गोष्ट उशिराने कळली. तलवारींचे सिनेमे चालतात, कारण येणाऱ्याला सगळं आधीच ठाऊक असतं. शांत सिनेमाला कोणीतरी कोणाला तरी सांगावं लागतं, आणि सांगायला लागतात दिवस. तेवढे दिवस मी कधी दिले होते? शुक्रवारी लावायचा, सोमवारी कॉफी. मी उतरवलेल्या त्या सगळ्या सिनेमांत कोणाचे हात कुठल्या लाकडाकडे गेले होते, ते आता कळायचं नाही.

दुसऱ्या रविवारी मी तो क्रम पुन्हा पुन्हा तपासला. मग बायकोला बोलावून तिच्याकडून तपासून घेतला. सॅल आला, टोपीसह. मागे व्हिनी, खिशात पत्रक. सहा नंबरची एकही खुर्ची रिकामी राहिली नाही. केव्हिन आईला घेऊन आला होता, आणि वहिनींनी आणलेली निम्मी माणसं मी ओळखतही नव्हतो. सॅल आणि मी दाराशी उभे राहिलो. माझ्या हातात वड्यांचा ट्रे, कारण तो ठेवायला जागा उरली नव्हती.

कढई उकळू लागली. वाफ आली. मुलगी चुलीपुढे बसली. मागच्या रविवारचे काही काका सवयीने अर्धवट उठले, आणि अंधारातून वहिनींचा आवाज आला, "बसा, बसा. आज नाहीये." बसले.

मग त्या हॉलमध्ये जी शांतता झाली ती मी नोकरीत कधी ऐकली नव्हती. गाणारा समेच्या अलीकडे क्षणभर थांबतो ना, तशी, पण कितीतरी लांब. मुलीचा हात गेला. लाकूड मागे आलं. या वेळी कोणी ओरडलं नाही. पाणी स्थिर झालं आणि एक चौकोनी कण वर तरंगला.

"काय झालं?" सॅलने माझ्या कानाशी विचारलं.

"आच कमी केली."

"एवढंच?"

"एवढंच."

पडद्यावर बाप दारात आला, आणि मुलीच्या हातात झारा दिला. सॅलने टोपी काढली. मी त्याला टोपीशिवाय पहिल्यांदा पाहिलं. डोकं माझ्यासारखंच. सिनेमा संपून नावं सुरू झाली. आमचं मंडळ एरवी नावं यायच्या आत पार्किंग लॉटमध्ये असतं, पण पुढच्या रांगा हलल्या नाहीत म्हणून मागच्याही बसून राहिल्या. इथे असंच करतात वाटतं, या हिशेबाने सगळ्यांनी शेवटच्या जपानी नावापर्यंत मान दिला.

"व्हिनी," सॅल म्हणाला, "तुझा किल्ला बाहेर पार्किंग लॉटमध्ये फुगव."

तो तिथे दर उन्हाळ्यात फुगतो. मंगळवारी तलवारवाली मंडळी शो सुरू होईपर्यंत त्यावर उड्या मारतात. मी आता रिटायर झालोय, पण सहा नंबरवर पडदा आहे, आणि नवा बुकर शांत सिनेमाला निदान दोन रविवार देतो. तेवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

एक गोष्ट मात्र मी सॅलला कधी सांगितली नाही. ती कढई उकळत होती तेव्हा मी सवयीने कान देऊन ऐकत होतो. भरलेल्या हॉलमध्ये त्या सगळ्या वेळात एकानेही पॉपकॉर्नच्या पुड्यात हात घातला नाही. आमच्या धंद्यात याहून वाईट लक्षण नाही.